इटलीत पास्ता शिकायला जाताना: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील इटलीच्या प्रवासावरील लेखात, प्रवाशांसाठी चालणाऱ्या पास्त्याच्या प्रात्यक्षिक वर्गांचा उल्लेख दोन ओळींत उरकला होता. आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्या दोन ओळींबद्दल आहेत. त्यांतील निवडक प्रश्न, थोडा संक्षेप करून, उत्तरांसह येथे देत आहे.

मे महिन्यात आम्ही चौघे रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहणार आहोत. तिन्ही शहरांत तीन-चार तासांचे पास्त्याचे वर्ग आहेत आणि सर्वांच्या जाहिरातींत तीच आजी आणि तेच पिठाने माखलेले हात दिसतात. कोणता वर्ग निवडावा?
— एक वाचिका, ठाणे

जाहिरातीतील आजी बाजूला ठेवा आणि त्या वर्गात कोणते पीठ मळले जाणार आहे ते आधी विचारा. इटलीत हाताने केल्या जाणाऱ्या पास्त्याची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. उत्तरेकडे, विशेषतः एमिलिया-रोमान्या प्रांतात, मऊ गव्हाचे अगदी बारीक दळलेले पांढरे पीठ घेतात, ज्याला तेथे 'शून्य-शून्य' क्रमांकाचे पीठ म्हणतात, आणि ते केवळ अंड्यांत मळतात. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे हे तेथील प्रत्येक घरातले प्रमाण आहे. पाणी घालण्याची पद्धत नाही. दक्षिणेकडे ड्युरम जातीच्या कठीण गव्हाचा, दोनदा दळून बारीक केलेला पिवळसर रवा कोमट पाण्यात मळतात आणि त्यात अंडे नसते. पहिल्या पिठाची मोठी पातळ पोळी लाटून ती कापतात किंवा तिच्यात सारण भरतात. दुसऱ्याच्या वळ्या करून, तुकडे पाडून, त्यांना सुरीने किंवा अंगठ्याने आकार देतात. म्हणजे एका वर्गात लाटण्याचे शिक्षण मिळते आणि दुसऱ्यात बोटांचे. दोन्ही एकाच वर्गात शिकवण्याचे आश्वासन जेथे दिले जाते, तेथे सहसा दोन्हींची केवळ ओळख होते.

लाटायचे शिकायचे असेल तर माझा कौल बोलोन्याला आहे. ते आपल्या यादीत नाही हे खरे. पण फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारी जलद रेल्वे बोलोन्यावरूनच जाते आणि फ्लॉरेन्स ते बोलोन्या हे अंतर ती पाऊण तासाच्या आत कापते. त्या दिवशी सकाळी निघून, सामान स्थानकावर ठेवून, दुपारपर्यंत वर्ग करून संध्याकाळी व्हेनिसला पोहोचणे सहज शक्य आहे. वर्ग सुरू होण्याआधी तासभर मिळाला तर जुन्या बाजारपेठेतील, क्वाद्रिलातेरो नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. तेथील दुकानांच्या काचेआड पिवळ्याधमक ताज्या पास्त्याचे ढीग मांडलेले असतात आणि आपल्याला काय जमवायचे आहे याचा अंदाज डोळ्यांनाच येतो.

या शहराने पास्त्याचा विषय किती मनावर घेतला आहे, याचा पुरावा सरकारी कागदांत आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी इटालियन पाककला अकादमीने ताल्यातेल्ले या पट्ट्यांच्या पास्त्याचे अधिकृत माप बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवले. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असे ते माप आहे आणि त्याचा सोन्याचा नमुनाही तेथे ठेवलेला आहे. मनोऱ्याची उंची सुमारे ९७ मीटर आहे. ज्या वाचकांना भागाकाराची हौस आहे त्यांना उत्तर आठच्या केसभर खाली मिळेल. पुढे ७ डिसेंबर १९७४ रोजी तोर्तेल्लीनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणाचीही तेथेच नोंद झाली: डुकराचे मांस, प्रोश्शुत्तो (खारवून सुकवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे सॉसेज), पार्मिजानो रेज्जानो चीज, अंडे आणि जायफळ. हे सारण चवीचे असले तरी पहिल्याच वर्गात तोर्तेल्लीनी मागू नयेत. करंगळीच्या टोकाएवढा तो चौकोन दुमडताना नवशिक्याचा अर्धा वेळ जातो. ताल्यातेल्ले आणि रिकोत्ता हे मऊ ताजे चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी एवढे एका सकाळला पुष्कळ आहे.

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी पत्राने विचारून घ्याव्यात. पीठ प्रत्येकाने स्वतः मळायचे आहे की मळलेला गोळा हातात मिळणार; लाटण्याने लाटायचे आहे की हाताने फिरवायच्या यंत्रातून काढायचे; एका शिक्षिकेमागे किती जण; आणि शेवटी जेवायला मिळते ते आपण केलेले की स्वयंपाकघरातून आलेले. यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गोलमोल आली तर तो वर्ग पाहण्याचा आहे, करण्याचा नव्हे. वीस जणांच्या टेबलावर एकेका माणसाच्या वाट्याला एक अंडे, मूठभर पीठ आणि भरपूर छायाचित्रे येतात.

रोमविषयी एवढेच सांगतो की तेथील बहुतेक वर्ग फेत्तुच्चीने हा पट्ट्यांचा पास्ता आणि तिरामिसू हे कॉफीचे गोड ही जोडगोळी शिकवतात, आणि वेळ मोजकाच असल्यास त्यात वाईट काही नाही. व्हेनिसच्या परिसराचा स्वतःचा पास्ता म्हणजे बीगोली. तो जाडजूड शेवेसारखा लांब असून पितळी दाबयंत्रातून पाडतात, तेव्हा तेथे हाताचे शिकण्यासारखे कमी आहे.

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून रोज चपात्या लाटल्या जातात. पोळपाट-लाटणे शिकवण्यासाठी युरो मोजावेत इतके त्यात वेगळे काय आहे?
— एक वाचक, नाशिक

प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. पीठ मळण्यात आपल्या घरातील कोणालाही इटालियन शिक्षिकेसमोर मान खाली घालावी लागणार नाही. गोळा कधी तयार झाला हे ज्या तळव्याला कळते, त्याची अर्धी फी वसूल झालेली असते.

फरक त्यापुढे सुरू होतो. चपातीची कणीक सैल असते आणि तिंबल्यावर तेलपाण्याने आणखी मऊ होते. अंड्यातले पीठ घट्ट असते, दहा मिनिटे जोर लावून मळावे लागते आणि मग निदान अर्धा तास झाकून ठेवावे लागते. मळताना गव्हातील प्रथिनांचे जाळे ताणले जाते. ते सैलावल्याशिवाय लाटायला घेतले तर पोळी कितीही पसरवली तरी आक्रसून मागे येते. लाटणेही निराळे असते. तेथील मात्तारेल्लो हे जवळजवळ मीटरभर लांबीचे, मधे फुगीर नसलेले, एकसारख्या जाडीचे लाकूड आहे आणि पोळपाटाच्या जागी टेबलभर लाकडी फळी असते.

मुख्य म्हणजे चपाती दाबून मोठी होते, तर ही पोळी ओढून मोठी करतात. तिचा वरचा काठ लाटण्याभोवती गुंडाळायचा, दोन्ही तळवे मधून बाहेरच्या दिशेने सरकवत लाटणे पुढे-मागे फिरवायचे, उलगडायचे, थोडे वळवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. पोळीचा जवळचा काठ फळीच्या कडेवरून खाली लोंबत ठेवतात, म्हणजे तिच्याच वजनाने ती ताणली जाते. लाटणारीचे पोट आणि फळीची कड यांच्यामध्ये तो काठ अलगद धरलेला असतो. तीन-चार अंड्यांची पोळी पूर्ण झाली की तिचा व्यास हातभराच्या पुष्कळ पुढे जातो. बोलोन्यात म्हणतात की चांगली लाटलेली पोळी उजेडासमोर धरली तर तिच्यातून टेकडीवरचे सान लूकाचे देऊळ दिसले पाहिजे.

हे सारे घड्याळाशी शर्यत लावून करावे लागते, कारण उघड्यावर ही पोळी काही मिनिटांत सुकू लागते आणि सुकलेली पोळी दुमडताना चिरते. चपाती लाटणाऱ्यांचा हात मात्र येथे एका सवयीने अडतो: सुके पीठ वारंवार भुरभुरवण्याच्या. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा होतो. लाकडी फळी आणि लाकडी लाटणे यांच्यामुळे पोळीला जो किंचित खरखरीतपणा येतो, तो रागूला, म्हणजे मांसाच्या सॉसला, किंवा लोण्याला धरून ठेवतो. संगमरवरावर किंवा पोलादी यंत्रात तो येत नाही. यंत्राला माझा विरोध नाही, घरी तेच सोयीचे आहे. पण इतका प्रवास करून तेथे यंत्राची मूठ फिरवण्यात हशील नाही.

या कामात आयुष्य घालवलेल्या स्त्रियांना बोलोन्यात स्फोल्यीना म्हणतात. केवळ लाटणेच शिकायचे असेल आणि पर्यटकांची गर्दी नको असेल, तर बोलोन्या ते रिमिनी या रेल्वेमार्गावरील फोर्लिम्पोपोली या छोट्या गावाचा विचार करावा. पाकशास्त्रकार पेल्लेग्रीनो आर्तुझी यांच्या या जन्मगावी 'कासा आर्तुझी' ही घरगुती पाककलेला वाहिलेली संस्था २००७ पासून आहे, आणि तेथे 'मारिएत्ते' म्हणवणाऱ्या स्थानिक स्त्रिया हातची पोळी लाटायला शिकवतात. आर्तुझींच्या स्वयंपाकीणबाईंचे नाव मारिएत्ता होते, त्यावरून हे नाव आले.

आम्ही शाकाहारी आहोत आणि अंडेही खात नाही. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. इटलीतील पास्त्याच्या वर्गात आमच्यासारख्यांनी काय करावे? पैसे भरून नुसते बघत बसावे लागेल अशी भीती वाटते.
— एक वाचिका, सांगली

बघत बसण्याचे कारण नाही, पण बोलोन्याचा मोह सोडावा लागेल. बिनअंड्याचा पास्ता ही इटलीत आपल्यासाठी केलेली तडजोड नाही. अर्ध्या देशाचा तो मूळ पास्ता आहे, आणि तो जेथला आहे तेथेच शिकला तर शिक्षिकेला काही बदलावे लागत नाही.

पहिला पर्याय पुलिया प्रांतातील बारी शहराचा. तेथील जुन्या वस्तीत, किल्ल्यासमोरील गल्लीत, बायका दाराबाहेर टेबले मांडून ओरेक्किएत्ते करताना दिसतात. ड्युरमचा बारीक रवा आणि त्याच्या साधारण निम्म्या वजनाचे कोमट पाणी, एवढेच साहित्य. बोटाएवढ्या जाडीची वळी, तिचे नखाएवढे तुकडे, प्रत्येक तुकडा बोथट सुरीने फळीवर आपल्याकडे ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की वाटीसारखा खोलगट आकार होतो. पाहताना हे क्षणाचे काम वाटते आणि करताना पहिले तासभर तुकडे सुरीलाच चिकटतात. रोमहून बारीला जलद रेल्वेने चार तासांच्या आसपास लागतात, तेव्हा त्यासाठी मुक्काम हवा.

दुसरा पर्याय लिगुरियाचा, म्हणजे जेनोवा आणि त्याच्या पूर्वेचा किनारा. तेथील त्रोफिए हा पीठ आणि पाण्याचा पास्ता तळहाताच्या कडेने फळीवर घासून पिळतात आणि संगमरवरी खलात वाटलेल्या पेस्तोबरोबर, म्हणजे बेसिलच्या चटणीबरोबर, बटाटा व कोवळ्या फरसबीसह, वाढतात. तिसरा पर्याय फ्लॉरेन्सला मुक्काम करणाऱ्यांना जवळचा आहे: सिएनाच्या परिसरातील पीची. पीठ, पाणी आणि थोडे ऑलिव्ह तेल यांच्या गोळ्यातून हाताने एकेक जाड दोरा वळायचा, इतके ते साधे आहे. मुले बरोबर असतील तर याहून योग्य वर्ग नाही. काही घरांत पीचीत अंडे घालतात, म्हणून आधी विचारावेच. एमिलिया-रोमान्यातच राहायचे झाले तर पूर्वेकडील रोमान्या भागातील स्त्रोत्साप्रेती हा पिळलेला पास्ताही बहुधा पीठ-पाण्याचा असतो.

पिठापेक्षा खरी अडचण सॉस आणि चीजची आहे, आणि ती बऱ्याच प्रवाशांच्या लक्षात येत नाही. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांनुसार त्यात वासराच्या जठरातील विरजणद्रव्य वापरणे बंधनकारक आहे. पेकोरिनो रोमानोमध्ये ते कोकराचे असते. पेस्तोत चीज असतेच. रिकोत्ताही चीज करताना उरलेल्या निवळीपासून होतो, त्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्यांना तोही चालणार नाही. इटालियन यजमानांच्या दृष्टीने मात्र चीज निःसंशय शाकाहारी आहे. 'शाकाहारी' एवढेच कळवले तर वर भरपूर पार्मिजानो किसून येईल आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. म्हणून नोंदणी करतानाच एकेक पदार्थ नाव घेऊन कळवावा. 'सेन्त्सा उओवा' म्हणजे अंड्याशिवाय, 'सेन्त्सा काल्यो आनिमाले' म्हणजे प्राणिजन्य विरजणाशिवाय, 'सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला' म्हणजे लसूण-कांद्याशिवाय. बारीत ओरेक्किएत्तेबरोबर जी कडसर पालेभाजी करतात तिच्यात बहुधा खारवलेली आन्चोवी मासळी विरघळवलेली असते. ती दिसत नाही, पण असते. सासूबाईंसाठी ताजा टोमॅटो, बेसिल आणि ऑलिव्ह तेल यांचा साधा सॉस सांगावा. तो कोणत्याही स्वयंपाकघरात दहा-पंधरा मिनिटांत होतो.

गोड म्हणून ठेवलेल्या तिरामिसूत कच्ची अंडी असतात, बिस्किटांतही अंडी असतात आणि पुष्कळदा मद्यही असते. फळे मागावीत. एक शेवटची सूचना: बहुतेक वर्गांत फळ्या आणि लाटणी सामाईक असतात आणि ती अंड्याच्या पिठासाठीही वापरलेली असतात. याचे वावडे असेल तर खासगी वर्ग घ्यावा. इटलीभर घरगुती सुगरणींच्या घरी जेवण आणि वर्ग ठरवून देणारे 'चेझारीने' नावाचे जाळे आहे. त्याची सुरुवात बोलोन्यातच झाली. घरातील वर्गात यजमानीणबाईंशी आधी पत्रव्यवहार करून सारे ठरवता येते.

अशा वर्गासाठी वेगळा व्हिसा लागतो का?
— एक वाचक, नागपूर

नाही. काही तासांचा किंवा काही दिवसांचा हौसेचा वर्ग पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर करता येतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ९० दिवसांहून लांब अभ्यासक्रमासाठी मात्र शिक्षणाचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो. ऑगस्टच्या मध्यावर तेथे १५ तारखेच्या सणाभोवती अनेक दुकाने आणि वर्ग बंद असतात, हे आपल्या तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना लाल भोपळ्याचा हंगाम मिळतो; फेर्रारा शहरात त्याचे सारण भरलेला पास्ता करतात.

मी दोन वर्षांपूर्वी बोलोन्यात वर्ग केला. तेथे पास्ता सुरेख झाला. येथे तेच प्रमाण घेतले की पीठ कधी फार कोरडे होते, रंगही फिकट येतो. इटालियन पीठ आणावेच लागेल का?
— एक वाचिका, बेळगाव

पीठ आणण्याची गरज नाही, वजनकाटा आणावा. 'शंभर ग्रॅमला एक अंडे' हे प्रमाण इटलीतील मोठ्या अंड्यावर बसवलेले आहे. कवच काढल्यावर ते पंचावन्न ग्रॅमच्या आसपास भरते. आपल्याकडील अंडे पुष्कळदा त्याहून लहान असते. म्हणून अंडी फोडून आधी तोलावीत आणि दर ५५ ग्रॅमला १०० ग्रॅम या हिशेबाने मैदा घ्यावा. पीठ कोरडे वाटले तर पाणी शिंपडण्याऐवजी आणखी एक पिवळा बलक घालावा, आणि शेवटचा मूठभर मैदा सुरुवातीपासूनच बाजूला राखावा, कारण घातलेले पीठ काढता येत नाही. चांगला ताजा मैदा या कामाला पुरेसा आहे; चावायला थोडा कस हवा असेल तर त्यात पाचवा हिस्सा बारीक रवा मिसळावा.

रंगाचे कारण कोंबडीच्या खाण्यात आहे. इटलीत खास पास्त्यासाठी गडद बलकाची अंडी वेगळी विकतात. त्या कोंबड्यांच्या खाद्यात बलकाला रंग देणारी द्रव्ये अधिक असतात. आपल्याकडचा फिकट बलक चवीला कमी नसतो. हळद घालण्याची कल्पना एका वाचकाने दुसऱ्या पत्रात सुचवली आहे. तिचा वास शिजल्यावरही राहतो, तेव्हा ती घालू नये.

दक्षिणेकडील पद्धतीसाठी आपण अगदी योग्य गावी राहता. बन्सी गहू हा ड्युरमच आहे आणि बन्सी रवा आपल्या भागातील दुकानांत मिळतो. फक्त तो उपम्यासाठी जाडसर असतो. गिरणीतून पुन्हा एकदा बारीक दळून आणावा, चाळावा, निम्म्या वजनाच्या कोमट पाण्यात मळावा आणि रव्याने पाणी नीट प्यावे म्हणून निदान अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावा. ओरेक्किएत्ते त्याचे उत्तम होतात. खपली गव्हाचाही प्रयोग काही जण करतात. इटलीत त्याच जातीच्या गव्हाला फार्रो म्हणतात आणि त्याचा पास्ता तेथे विकत मिळतो; पण त्याच्या पिठाला ताण कमी असल्याने पातळ पोळी फाटते. त्याच्या जाडसर, रुंद पट्ट्याच कापाव्यात.

घरी केलेला पास्ता वाळवून वर्षभर ठेवता येईल का? आमच्याकडे पावसाळ्यात काहीच वाळत नाही.
— एक वाचिका, रत्नागिरी

अंड्याचा पास्ता कोकणातच काय, कोठेही घरी वाळवून महिनोन्‌महिने ठेवू नये. बाहेरून कडक झालेली पट्टी आतून ओलसर राहते आणि कच्च्या अंड्यातील जंतूंना दमट उष्ण हवा मानवते. बाजारात मिळणारा सुका पास्ता वेगळ्या रीतीने होतो: इटलीत १९६७ पासून कायद्याने तो ड्युरमपासूनच करावा लागतो आणि उष्णता व आर्द्रता काटेकोर राखलेल्या खोल्यांत तो वाळवतात. घरच्या दांडीवर ते साधत नाही.

आपल्यासाठी फ्रीझर हा उपाय चांगला आहे. कापलेल्या पट्ट्यांवर रवा भुरभुरवून त्यांच्या सैल चुंबळ्या कराव्यात, ताटात एकमेकींना न लागतील अशा मांडून कडक होईपर्यंत गोठवाव्यात आणि मग पिशवीत भराव्यात. भरलेल्या पास्त्याला तर हे तासाभराच्या आत करावे, कारण रिकोत्तातील पाणी पिठात उतरून तळ चिकट होतो. शिजवताना तो वितळू देऊ नये. दर शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ घेऊन, पाणी खळखळून उकळल्यावर गोठलेला पास्ता तसाच सोडावा; ताज्याला दोन-तीन मिनिटे लागतात, गोठलेल्याला मिनिटभर जास्त. उपसण्यापूर्वी कपभर पाणी काढून ठेवावे आणि ते लागेल तसे सॉसमध्ये घालावे.